रकाना क्रमांक सात

इंटरनेटवरून लोक दुसऱ्यांची गाणी, चित्रं, लेख आणि विनोद न विचारता उचलतात, असं आमच्या जनजागृती विभागाच्या निदर्शनास आलं. एखादी गोष्ट आमच्या निदर्शनास येणं हे सोपं काम नाही. तिला आधी आवकच्या टेबलावर शिक्का लागतो, मग दोन जिने चढावे लागतात आणि मधल्या सुट्टीत कुणाच्या तरी डब्याखाली बसावं लागतं. तरीही ती आली. मग वरून परिपत्रक निघालं: 'इंटरनेटवरील मजकूर आणि लेखकाचे हक्क याविषयी नागरिकांना हसतखेळत जागे करण्यासाठी एक उपरोधिक विनोदी नाटक तातडीने तयार करण्यात यावे.'

परिपत्रक उत्तम होतं. फक्त शेवटच्या परिच्छेदात 'नागरिकांनी घराभोवती पाणी साचू देऊ नये व टाक्या आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्यात' असंही म्हटलं होतं, कारण ते गेल्या वर्षीच्या डासांच्या परिपत्रकावरून उतरवून घेतलं होतं. आमच्या तीन शाखांनी त्याप्रमाणे टाक्या कोरड्या केल्या. मजल्यावर दोन दिवस प्यायला पाणी नव्हतं, पण अनुपालन अहवाल वेळेत गेला.

मी या विभागात बावीस वर्षं मसुदा लेखनिक आहे. मसुदा लेखनिक म्हणजे मसुदे लिहिणारा, असा बाहेरच्यांचा समज असतो. तसं काही नाही. आमच्याकडे मजकूर लिहीत नाहीत, घेतात. आभाराचं पत्र मागच्या आभारावरून, कानउघाडणी मागच्या कानउघाडणीवरून. प्रत्येक मसुद्याला नऊ रकान्यांचा कागद जोडायचा असतो आणि त्यातला सातवा रकाना विचारतो: 'सदर मजकूर कुठून घेतला?' बाकीचे आठ रकाने रिकामे गेले तरी चालतं, सातवा कोरा गेला की फाइल परत. एकदा निवृत्त होणाऱ्या एका बाईंच्या निरोपपत्रात मागच्या शोकसंदेशातलं 'मृतात्म्यास शांती लाभो' तसंच राहून गेलं. बाईंना आपण हयात आहोत हे पटवून द्यायला सहा महिने लागले. पण रकाना सात भरलेला होता, त्यामुळे मला कुणी चकार शब्दानं बोललं नाही. कचेरीत मला 'मागीलप्रमाणे' म्हणूनच हाक मारतात.

या वेळी मात्र पंचाईत झाली. विनोदी नाटकाची मागची फाइलच नव्हती. मी कपाटं पालथी घातली. विभागानं आजवर जाणूनबुजून कुणाला हसवलेलं नव्हतं. तेव्हा नाइलाजानं मी ते स्वतः लिहिलं.

खरं सांगायचं तर नाइलाज पहिल्या दिवसापुरताच होता. दुसऱ्या दिवसापासून मला मजा यायला लागली. रोज सकाळी बायको उठायच्या आत मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचो आणि एकटाच फिदीफिदी हसायचो. नाटकाचं नाव ठेवलं 'तुझं तेही माझ्या बापाचं'. एक गृहस्थ बायकोला द्यायला म्हणून इंटरनेटवरून एक सुंदर प्रेमपत्र उतरवून घेतो, खाली आपली सही ठोकतो, आणि ते पत्र निघतं तिचंच, लग्नाआधी तिनं दुसऱ्याला लिहिलेलं. आता चोरीची तक्रार कुणी कुणाविरुद्ध करायची, यावर पुढचे तीन प्रवेश. अकरा दिवसांत वही भरली.

माझी लेक नववीत आहे. तिनं ते एका बैठकीत वाचलं आणि पोट धरून हसली. मग एकदम गंभीर झाली.

"बाबा, हे खरंच तुम्ही लिहिलंत?"

"मग काय शेजाऱ्यांनी?"

"आणि यावर तुमचं नाव येणार? छापून?"

"येणार तर! पहिल्याच पानावर."

"मग मी सगळ्या वर्गाला घेऊन येणार. आमच्या वर्गात एकीचे बाबा विमान चालवतात. माझे काय करतात ते मला आजपर्यंत कुणाला नीट सांगताच आलेलं नाही."

बावीस वर्षांत मी हजारो कागद केले, पण एकावरही माझं नाव नाही, याचं मला त्या दिवसापर्यंत काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. मी तिला शब्द दिला.

फाइल दुसऱ्याच दिवशी परत आली. कक्षप्रमुख मॅडमनी बोलावलं.

"अहो मागीलप्रमाणे, हा सात नंबर कोरा कसा?"

"मॅडम, मी स्वतः लिहिलंय."

"ते कळलं हो. पण कुठून?"

"कुठून म्हणजे... डोक्यातून."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्या डोक्याला जावक क्रमांक आहे का? उद्या वरून विचारलं, हे कशाच्या आधारे केलं, तर मी काय जोडू? तुम्हाला टाचणी मारून जोडू?"

मॅडम बाई वाईट नाहीत. नाटक वाचताना त्या तोंडाला रुमाल लावून हसत होत्या हे पलीकडच्या टेबलानं पाहिलं होतं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"हे बघा, सोपं आहे. हे तुम्ही इंटरनेटवर टाका. मग तिथून घ्या. छापून जोडा आणि सात नंबरात लिहा, 'इंटरनेट'. एका दिवसात पास होईल."

"पण मॅडम, नाटकाचा विषयच तो आहे. इंटरनेटवरून घेऊ नका म्हणून."

"विषय वेगळा आणि कार्यपद्धती वेगळी. आणि हो, टाकताना नाव घालू नका. कर्मचाऱ्याचं खासगी लिखाण वापरायचं तर परवानगी लागते, आणि ती परवानगी देणारी खुर्ची सात वर्षं रिकामी आहे."

"मग माझं नाव?"

"नंतर बघू. आधी पास तर होऊ दे."

आमच्या इमारतीत 'नंतर बघू' ऐकून माणसानं सावध व्हायला हवं हे मला कळायला हवं होतं. पण आंधळा मागतो एक डोळा, आणि मी तर डोळाही मागत नव्हतो, नुसतं पास होऊ दे म्हणत होतो. घरी येऊन नाटक इंटरनेटवर चढवलं. लेखकाच्या जागी 'अज्ञात' लिहिलं. बायको मागे उभी होती.

"म्हणजे आपलंच पोर रस्त्यावर ठेवायचं आणि मग दत्तक घ्यायला जायचं?" ती म्हणाली.

"पद्धत असते तशी."

"आणि मधल्या वेळात कुणी उचलून नेलं तर?"

मी म्हटलं, उगाच अपशकुनी बोलू नकोस.

नाटक खरोखर एका दिवसात पास झालं. संचालकसाहेबांनी फाइलीवर स्वतःच्या हातानं शेरा मारला: 'अत्युत्तम. इंटरनेटवरचे लोक किती सहज लिहितात! आपल्या कर्मचाऱ्यांनी यापासून बोध घ्यावा.' तो शेरा सर्व शाखांना फिरवण्यात आला. बोध घेतल्याची सही मलाही करावी लागली.

चौथ्या दिवशी माझ्या मेहुण्याचा निरोप आला. मेहुणा रोज सकाळी उठल्या उठल्या चाळीस जणांना चाळीस गोष्टी पाठवतो. पाठवलेलं तो वाचतो असं नाही. त्यानं मला माझंच नाटक पाठवलं होतं. वर लिहिलं होतं: 'भावजी, हे वाचा. हसून हसून मेलो. लोकांना कसं सुचतं! नाहीतर आपण, आयुष्यभर फायली.'

मी त्याला फोन केला. "अरे, ते मी लिहिलंय."

तो बराच वेळ हसला. "भावजी, हा त्याच्यापेक्षा भारी होता," म्हणाला, आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात नाटकाच्या प्रत्येक पानावर आडवातिडवा जांभळा शिक्का आला: 'हास्याचा फवारा'. हे एक हसवणारं पान आहे आणि ते चालवणारे गृहस्थ पोटापाण्यासाठी लोकांना मोटार चालवायला शिकवतात. फवारावाल्यांच्या पानाला साडेतीन लाख माणसं मानतात. शिक्का माझ्या संवादांवरच बसला होता, त्यामुळे नायिकेचं सगळ्यात चांगलं वाक्य वाचताच येत नव्हतं. खाली बारीक अक्षरात सूचना होती: 'आमचा मजकूर चोरू नये. कारवाई होईल.'

तरीही मी गप्प राहिलो. तालमी सुरू झाल्या होत्या. सभागृह ठरलं होतं. लेकीनं वर्गातल्या सदतीस मुलींची यादी माझ्या हाती मॅडमना पाठवली होती आणि पहिल्या दोन रांगा राखून घेतल्या होत्या. नाटकाच्या जाहिरातीवर 'लेखक' यापुढे काय छापायचं हा प्रश्न 'नंतर बघू' याच स्थितीत होता आणि मी रोज मॅडमच्या दारावरून दोन जास्तीच्या फेऱ्या मारत होतो.

प्रयोगाला तीन दिवस राहिले असताना 'चोरपकड'नं घात केला. चोरपकड ही विभागानं नव्यानं घेतलेली संगणकाची यंत्रणा. कोणताही मजकूर तिच्यात घातला की तो जगात आणखी कुठं आहे हे ती सांगते. उद्घाटनाला कुठला तरी मजकूर हवा म्हणून संचालकसाहेबांनी आमचंच नाटक घातलं. यंत्रणा क्षणभर घरघरली आणि लाल अक्षरं उमटली: 'शंभर टक्के चोरी. मूळ मालक: हास्याचा फवारा.' उद्घाटनाला आलेल्यांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तीन सदस्यांची चौकशी समिती बसली. समोर एका खुर्चीवर मी आणि एका खुर्चीवर फवारावाले. गडी दिसायला भला होता. बोलताना त्याचा उजवा पाय सारखा ब्रेक दाबल्यासारखा हलायचा.

"हे नाटक आपण लिहिलंत?" अध्यक्षांनी त्याला विचारलं.

"छे हो! मी कशाला लिहू? मला आलं, आवडलं, शिक्का मारला, पुढे सोडलं."

"आपल्याला कुणाकडून आलं?"

"एका ग्रुपवरून."

"आणि त्यांना?"

"दुसऱ्या ग्रुपवरून. हे बघा ना, तारीख, वेळ, सगळं आहे."

अध्यक्षांनी समाधानानं मान हलवली. "म्हणजे साखळी अखंड आहे. लिहून घ्या." मग माझ्याकडे वळले. "सात नंबरात आपण नुसतं 'इंटरनेट' लिहिलंय. तिथं कुणाकडून घेतलंत?"

"मी घेतलं नाही, साहेब. मी लिहिलं." मी वही पुढे केली.

वही तिघांत फिरली. एका सदस्यांनी ती दोन बोटांत धरून उघडली. "यात केवढी ही खाडाखोड! एकेक वाक्य चार चार वेळा बदललंय. मूळ प्रत अशी असते का? यांची बघा, कशी स्वच्छ आहे."

"साहेब, खाडाखोड आहे म्हणूनच ती मूळ आहे."

"तुम्हाला स्वतःलाच खात्री नव्हती काय लिहायचं याची, असं दिसतं. नक्कल करताना असं होतं. साक्षीदार?"

"बायको आणि मुलगी."

"घरचे चालत नाहीत. नाटकावर नाव काय होतं?"

"अज्ञात."

"मग ते अज्ञात तुम्हीच, याचा पुरावा?"

पुरावा म्हणजे कोपऱ्यात बसलेल्या मॅडम. मॅडमकडे पाहिलं, तर त्या खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होत्या. चौकशी चालू असताना तिसऱ्या सदस्यांच्या मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला माझ्याच नाटकातला प्रवेश वाजायला लागला आणि ते ओशाळून म्हणाले, "माफ करा, फारच मजेदार आहे."

निकाल अर्ध्या तासात लागला. 'जो मजकूर कुठूनही घेतलेला नाही तो विभागाच्या दृष्टीने अस्तित्वात येऊ शकत नाही. ज्याअर्थी नाटक अस्तित्वात आहे, त्याअर्थी ते घेतलेले आहे. फवारावाल्यांनी स्रोत दाखवला, लेखनिकांनी दाखवला नाही.' तेव्हा मी लेखी माफी मागावी, म्हणजे नाटक फवारावाल्यांच्या नावानं सुखरूप होईल. माफी न मागितल्यास प्रयोग रद्द.

मी जिन्यात उभा राहून विचार केला. सदतीस मुली नवे कपडे घालून येणार होत्या. प्रयोग रद्द झाला तर लेकीनं वर्गात काय सांगायचं? निदान नाटक तरी तिला दिसू दे, असं मी मनाशी म्हटलं. माणूस पडतं घेताना अशी चांगली चांगली कारणं शोधतो. माफीनामा लिहून दिला.

तो परत आला. रकाना सात कोरा होता.

मग इंटरनेटवरून एक तयार माफीनामा उतरवून घेतला आणि जोडला. त्यात मी सार्वजनिक बागेतली गुलाबाची दोन रोपं उपटून नेल्याबद्दल मनापासून खेद व्यक्त केला होता. समितीनं तो 'भाषा ओघवती आहे' म्हणून एकमतानं स्वीकारला. उद्यान विभागाचं 'रोपं परत करा' असं पहिलं स्मरणपत्र परवाच आलं.

प्रयोगाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. पडदा उघडण्याआधी घोषणा झाली: 'हा कार्यक्रम लेखकाच्या हक्कांविषयी आहे. कृपया कुणीही चित्रीकरण करू नये.' ही घोषणा सगळ्यांनी मोबाइल उंच धरून चित्रित केली. मग नाटक सुरू झालं आणि, काय सांगू तुम्हाला, लोक हसायला लागले! मी जिथं हसतील म्हटलं होतं तिथं हसले, नव्हतं म्हटलं तिथंही हसले. प्रेमपत्र बायकोचंच निघतं तेव्हा संचालकसाहेबांना ठसका लागला. मी शेवटच्या रांगेत मुठी आवळून बसलो होतो. इतका आनंद आणि इतका जळफळाट एकाच पोटात मावतो, हे मला माहीत नव्हतं.

शेवटी फवारावाल्यांना रंगमंचावर बोलावून पुष्पगुच्छ आणि 'जागरूक लेखक' असं प्रमाणपत्र देण्यात आलं. त्यावरचा गौरवाचा मजकूर मीच तयार केला होता, नियमाप्रमाणे. गृहस्थ खरोखर विनयशील. माइक हातात घेऊन म्हणाले, "यात माझं काहीच नाही." लोकांनी या मोठेपणाला उभं राहून टाळ्या दिल्या.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून माझी लेक खुर्चीवर चढली.

"हे माझ्या बाबांनी लिहिलंय!" ती ओरडली. आवाज चिरकला होता. "सकाळी उठून लिहिलंय! मी वही बघितलीय!"

मग कुणीतरी म्हणालं, "वा! काय शेवट केलाय!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तिला रडू फुटलं तशा टाळ्या वाढल्या. सगळे मोबाइल तिच्याकडे वळले. मी खुर्च्यांतून वाट काढत तिच्यापर्यंत पोचेतो ती रडणारी मुलगी अकरा हजार लोकांनी पाहिली होती. खाली लिहिलं होतं, 'बालकलाकाराचा कसदार अभिनय'. वर जांभळा शिक्का होताच.

घरी आलो. चपला काढता काढता म्हणाली, "तुम्ही माफी मागितलीत, बाबा?"

"मागितली."

"काय चोरलं म्हणून?"

"गुलाबाची रोपं."

ती हसेल असं मला वाटलं होतं. हसली नाही. आत निघून गेली. मला इतकी लाज माझ्या उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. बायकोनं माझ्यापुढे कोरी वही आणून आपटली आणि म्हणाली, "बसा. झालं तसं सगळं लिहून काढा. आणि या वेळी कुणाला विचारू नका."

म्हणून हे लिहिलं. कशावरून घेतलेलं नाही. नऊ सकाळी लागल्या, खाडाखोड भरपूर आहे. काल लेकीनं वाचलं. दोन ठिकाणी हसली, एका ठिकाणी नाक पुसलं. मग माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि पहिल्या ओळीच्या वर, गोष्टीच्या नावाच्याही आधी, ठळक अक्षरांत माझं पूर्ण नाव घातलं. दोनदा रेघ ओढली. "आता कोण काढतंय बघू," म्हणाली.

मी हे तिच्यासमोरच बाहेर पाठवलं. त्यानंतर ते कुठल्या कुठल्या वाटेनं तुमच्यापर्यंत आलं, मला माहीत नाही. तुम्ही एवढा वेळ दिलात, दोनचार ठिकाणी हसलात, माझ्यावर अन्याय झाला म्हणून हळहळलातही असाल, त्याबद्दल आभारी आहे. आता एक काम करा. जरा वर जाऊन माझं नाव काय आहे ते बघून या.

नाही ना सापडलं? मधे कुणीतरी कापलं असणार. त्याचं मला आता नवल वाटत नाही. पण मी सांगेपर्यंत तुम्हीसुद्धा शोधलं नव्हतंत.